काढ्याची जुनी बाटली

नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या गावचा, हे आठवायला जुन्या सहकाऱ्यांना फोन करावा लागतो. त्या एका सकाळचं मात्र तसं नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी साडेनऊच्या सुमारास ठाणे अंमलदाराने माझ्यापुढे फोन धरला तेव्हा माझ्या हातात अर्धं बिस्कीट होतं, इतकं ते स्पष्ट आठवतं.

"साहेब, नाव सांगत नाही म्हणतोय. विषाचं काहीतरी आहे."

मी फोन घेतला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "साहेब, आमच्या वस्तीवर सुनंनं सासऱ्याला विष घातलंय. परजातीची करून आणली ना, दुसरं काय व्हनार. ती पळून जायच्या आत या." त्याने गाव आणि वस्ती सांगितली आणि फोन ठेवला.

निनावी फोनांबद्दल माझा एक अनुभव आहे. ज्याला खरोखर मदत हवी असते तो आधी माणसाची अवस्था सांगतो. याने सासरा जिवंत आहे की नाही तेही सांगितलं नव्हतं. आरोपी मात्र ठरवून दिला होता.

स्टेशन डायरीला नोंद करायला सांगून मी निघालो. बरोबर एक महिला हवालदार आणि चालक. वाटेतच बारामतीच्या एका रुग्णालयातून एमएलसीची खबर आली. विषबाधेचा रुग्ण आला की रुग्णालयाला पोलिसांना कळवावंच लागतं, ती ही खबर. रुग्ण पासष्टीचे, एसटीतून निवृत्त झालेले चालक. वस्तीवर त्यांना सगळे तात्या म्हणत, मीही इथे तेवढंच म्हणतो. मी तिथल्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर बाईंना जीपमधूनच फोन लावला.

"पेशंट ग्लानीत आहे," त्या म्हणाल्या. "ओठ आणि नखं निळीकाळी पडलीत. पूर्ण ऑक्सिजन चालू आहे, तरी रंग सुधारत नाही. गावातल्या डॉक्टरांनी कीटकनाशक समजून त्याचा उतारा सुरू केलाय, पोटही धुतलंय. पण मला हे कीटकनाशक वाटत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या नाहीत, तोंडाला फेस नाही. आणि तपासायला रक्त काढलं, तर ते चॉकलेटच्या रंगाचं आलं."

"म्हणजे काय समजायचं?"

"रक्तात ऑक्सिजन धरायची ताकद राहिलेली नाही. असं करणारी विषं मोजकीच आहेत आणि त्यांना वेगळा उतारा लागतो. तो आमच्याकडे आत्ता नाही, शोधायला माणूस लावलाय. पण पोटात नेमकं काय गेलं, किती गेलं आणि त्यात दुसरं काही मिसळलंय का, हे मला कळलं पाहिजे. घरचे लोक काढा म्हणतात. काढ्याने असं होत नाही."

"किती वेळ आहे आपल्याकडे?"

"तासाभरात कळलं तर बरं. आणि साहेब, कोणी दिलं ते तुम्ही नंतर बघा. काय दिलं ते मला आधी सांगा."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतका सरळ हुकूम वरिष्ठांनीही दिला नव्हता. मी बरं म्हटलं.

वस्तीवर पोहोचलो तेव्हा अंगणात पंचवीस-तीस माणसं उभी होती. पायरीवर तिशीच्या आतली एक बाई बसली होती. साडी नीट पिनअप केलेली, खांद्याला पर्स. शाळेला निघालेली तशीच बसलेली. हीच सून. बारामतीकडच्या एका शाळेत शिक्षिका. बौद्ध कुटुंबातली, दोन वर्षांपूर्वी दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलेलं. नवरा चाकणला कंपनीत, तो तिकडून निघाला होता. सासू ॲम्ब्युलन्समधून तात्यांबरोबर गेली होती. हिलाही जायचं होतं, पण भावकीतल्यांनी तिला गाडीत चढू दिलं नव्हतं आणि तिचा मोबाईलही काढून घेतला होता.

मोबाईल ज्याच्याकडे होता तो चाळिशीचा गृहस्थ, तात्यांचा चुलतपुतण्या, पुढे आला. त्याच्या दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक काळपट बाटली होती. "हा घ्या पुरावा साहेब. हितंच हाय सगळं."

आवाज मी लगेच ओळखला. सकाळच्या फोनवरचाच तो. बाटली घेतली. काढ्याचंच लेबल, बरीचशी भरलेली. पाच-सात हातांतून फिरलेली, त्यामुळे ठशांचा प्रश्न तिथंच मिटला. मोबाईल त्याच्याकडून घेऊन तिला परत दिला, लोकांना अंगणाबाहेर काढलं आणि तिला घेऊन स्वयंपाकघरात गेलो. हवालदार बाई तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

काय दिलंस, असं मी विचारलं नाही. त्या प्रश्नाला ती सकाळपासून किती जणांना उत्तर देऊन बसली असेल. मी म्हटलं, "ताई, सकाळी काय काय केलं ते मला करून दाखवा. बोलू नका, नुसतं करा."

पोलिसाने प्रश्न विचारला की माणूस, खरा असो वा खोटा, आधी बचावाला उभा राहतो. करून दाखवायला सांगितलं की त्याचं लक्ष आपल्याकडून सुटून कामाकडे जातं. ती उठली. फळीकडे गेली, हात वर केला, बाटली नव्हती म्हणून क्षणभर थांबली. मी रुमालात धरून बाटली तिच्यापुढे केली. तिने झाकण फिरवल्यासारखं केलं, झाकणाने दोनदा मोजून वाटीत ओतल्याचं दाखवलं आणि वाटी नाकाशी नेली. तिथे तिचा हात थांबला.

"वास घेतला होता तुम्ही?"

"हो. बूट पॉलिशसारखा वास होता, साहेब. मी सकाळपासून सांगतेय, कोणी ऐकूनच घेत नाही. म्हणतात, वास येत होता तर दिलास कशाला."

"मग दिलात का?"

"मी तात्यांना म्हटलं, आज वास निराळाच येतोय. ते म्हणाले, 'सर्दीनं माजं नाक बंद हाय, मला कशाचाच वास येत न्हाय. आण हिकडं.' एका घोटात घेतलं आणि वर गुळाचा खडा खाल्ला. तासाभरानं बघते तर तोंड काळवंडलेलं. चक्कर येते म्हणाले आणि खाली बसले."

मी झाकण उघडलं. प्रशिक्षण केंद्रात वर्षभर रोज पहाटे बूट घासलेले. तो वास मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. काढ्याचा वास त्यात कुठेच नव्हता.

ती बाटलीकडे बघत होती. म्हणाली, "साहेब, जरा वळवा ती." मी बाटली वळवली. लेबलाच्या कोपऱ्यावर पिवळा डाग होता.

"ही जुनी बाटली आहे. हा हळदीचा डाग माझ्या हाताचा. ही परवाच संपली. मी रिकामी करून खिडकीत ठेवली होती. आज फळीवर भरलेली दिसली, मला वाटलं तात्यांनी काल नवी आणून फोडली. घाईत डाग बघितलाच नाही."

तात्या औषधं ठेवायचे ते भिंतीतलं कपाट तिने उघडलं. काढ्याची नवी बाटली तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यात होती, सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं.

आता प्रश्न एवढाच उरला की रिकामी बाटली भरली कुठे. "काल तात्या कुठं गेले होते?"

"दुपारी स्कूटरवरून निमगाव केतकीला, बाजाराला. डाळिंबाला कळी कमी लागलीय, फुलाचं औषध आणायचं म्हणत होते. थोडंच आणतो, चार झाडांवर मारून बघतो म्हणाले. येताना फाट्यावरच्या दुकानातून घेतात ते नेहमी. तो सुटं देतो."

मी घड्याळ बघितलं. अकरा वाजत आले होते. तिला त्या गर्दीत ठेवून जाणं मला पटेना, म्हणून हवालदार बाईंना तिला जीपमध्ये बसवायला सांगितलं. अंगणातल्या लोकांनी समजायचं ते समजून घेतलं. कोणीतरी मोबाईलवर फोटोही काढला. अटक नाही, एवढं चार शब्दांत सांगून निघता आलं असतं. मी ते सांगितलं नाही. त्याचं मला पुढे बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

फाट्यावरचं दुकान खतं, बियाणं, औषधांचं. मालक पन्नाशीचा, कपाळाला गंध, बोलायला नम्र. गावच्या प्रत्येक कार्यात पुढे असणारा. जीप बघताच काउंटरमागून उठून उभा राहिला.

"काल तात्या आले होते?"

"न्हाय साहेब. महिनाभरात फिरकले न्हाईत."

फार लवकर उत्तर दिलं. कोण तात्या, असं त्याने विचारलंच नाही. मागच्या गोदामाचं दार उघडं होतं आणि आतून तोच वास येत होता. मी आत गेलो. कोपऱ्यात निळा मोठा ड्रम, त्याला तोटी, खाली रिकाम्या बाटल्यांचं पोतं. ड्रमची लेबलाची बाजू भिंतीकडे फिरवलेली.

"यातलं दिलंस त्यांना?"

"न्हाय साहेब. ते... ते आमचं आमच्याच बागेला हाय."

माझ्या जागी एखादा तरुण अधिकारी असता तर त्याने इथे आवाज चढवला असता. मीही तरुणपणी तेच केलं असतं. पण हा माणूस खोटं बोलत होता तो तात्यांनी मरावं म्हणून नाही, स्वतःच्या परवान्यासाठी. सुटं औषध लेबलाविना विकणं बेकायदा. ते तो माझ्यापुढे कबूल करणार नव्हता, आणि वकील येईपर्यंत बसायला माझ्याकडे वेळ नव्हता. तेव्हा मला एक गोष्ट सुचली. आधी कधी केली नव्हती, नंतर पुष्कळदा केली.

मी डॉक्टर बाईंना फोन लावला आणि मोबाईल त्याच्यापुढे धरला. म्हटलं, "हे बघ. गुन्हा दाखल होईल, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण आत्ता पलीकडे डॉक्टर आहेत. त्यांना तुझा परवाना नकोय, तुझं नावही नकोय. त्या काय विचारतात तेवढं सांग. मी बाहेर थांबतो. तू काय बोललास ते मी ऐकणार नाही आणि लिहिणारही नाही."

मी खरोखरच बाहेर गेलो आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. जीपमधून ती माझ्याकडे बघत होती. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत काहीच ऐकू येईना. तीन-चार मिनिटं गेली असतील. माझ्या हातून चूक तर झाली नाही ना, असं त्या तीन-चार मिनिटांत दोनदा मनात आलं.

मग मागून आवाज आला, "साहेब, ड्रम फिरवायला जरा हात लावा."

आम्ही दोघांनी मिळून ड्रम फिरवला. लेबलवर होतं, नायट्रोबेन्झिन, वीस टक्के. डाळिंबाला, भाजीपाल्याला फुलं जास्त यावीत म्हणून फवारतात ते. मी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला आणि पोटात दोन झाकणं गेल्याचं सांगितलं. फोन अजून चालूच होता.

"आला फोटो," त्या म्हणाल्या. "दुसरं काही मिसळलं नाही असं ते सांगतायत. दोन झाकणं ना? बास. कीटकनाशकाचा उतारा थांबवते. साहेब, आता एक काम करा. उताऱ्याची, म्हणजे मेथिलीन ब्लूची, इंजेक्शनं इथल्या एका सर्जनच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मिळालीत. आमचा माणूस बाजाराच्या गर्दीत अडकलाय."

मी बारामती शहरातल्या एका सहकाऱ्याला फोन केला. त्याने वाहतुकीच्या एका महिला अंमलदाराला मोटारसायकलवर पाठवलं. सर्जनच्या दारातून अतिदक्षता विभागापर्यंत त्या बाईंनी ते खोकं नऊ मिनिटांत पोहोचवलं, हे मला नंतर कळलं. इकडे मी पंच बोलावून ड्रमचे नमुने घेतले, लाखेने सील केले, पंचनाम्यासाठी एक अंमलदार मागवून घेतला आणि बारामतीचा रस्ता धरला.

वाटेत सून एवढंच म्हणाली, "साहेब, मी दिलं तर मीच ना. वास आला होता मला."

मी काही बोलण्याआधी हवालदार बाई म्हणाल्या, "तुला वास आला म्हणून आपण दुकानात गेलो, पोरी. बाकीचं नंतर."

आम्ही पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. काचेच्या दारातून तात्या दिसत होते. डॉक्टर बाई बाहेर आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांच्या बोटांना निळे डाग पडले होते.

"इंजेक्शन देऊन पाऊण तास झाला," त्या म्हणाल्या. "ओठ बघा."

मी डॉक्टर नाही, पण मेलेल्या माणसांचे ओठ मी पुष्कळ बघितले आहेत. हे तसे नव्हते. थोडे फिके होते, पण माणसाचे होते.

"औषध स्वतःच निळंशार असतं," त्या म्हणाल्या. "निळ्या पडलेल्या माणसाला निळं औषध देताना नातेवाईक घाबरतात. पण रक्त पुन्हा कामाला लागतं. घाई मात्र करू नका, हे विष अंगात दडून बसतं आणि पुन्हा वर येतं. दोन दिवस नजर ठेवावी लागेल."

बाकावर सासू बसली होती. सून पोलिसांबरोबर आलेली बघून ती उठली नाही, तोंड फिरवलं नाही, नुसती बघत राहिली. मी तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. दुकान, ड्रम, जुनी बाटली. खिडकीतली रिकामी बाटली तात्याच घेऊन गेले असणार, तेही सांगितलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "साहेब, ती बाटली फळीवर मीच ठिवली."

"कधी?"

"काल दिवस मावळायच्या आत झाडून काढत हुते. पडवीत कोपऱ्याला दिसली. काढ्याची हाय म्हणून आत नेऊन ठिवली. मला काय ठावं त्यात काय हाय. आन सकाळी मीच म्हनले, हिनं काय दिलं माझ्या मालकाला." ती सुनेकडे वळली. तिथे माफीचे शब्द येतील असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "खाल्लंस का काही?"

"नाही, आई."

सासूने पिशवीतून केळी काढली, एक सोलून तिच्या हातात दिली आणि बाकावर सरकून जागा केली. मी तिथून उठलो.

संध्याकाळी पाचच्या सुमारास तात्यांचा रंग पुन्हा काळवंडला. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, तरी सगळे काचेच्या दाराशी जमले. तोवर मुलगा पोहोचला होता. दुसरं इंजेक्शन दिलं. सात वाजेपर्यंत बोटं पुन्हा गुलाबी झाली आणि त्यानंतर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर तात्या उशीला टेकून बसलेले, चहा मागत होते आणि नर्सबाईंवर चिडलेले, कारण लघवी हिरवीनिळी झाल्याचं त्यांना कोणी आधी सांगितलं नव्हतं. "मला वाटलं इंजिन गेलं," ते मला म्हणाले. पंचवीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. मी बाहेर जाऊन मोठ्याने हसलो. इतकं मोकळं मला नोकरीत फार कमी वेळा वाटलं.

बाकीचं रीतसर झालं. दुकानदारावर गुन्हा दाखल झाला, कृषी खात्याने परवाना काही काळ स्थगित केला, न्यायालयात दंड झाला. त्याने डॉक्टरांना सांगितलेलं मी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच ठाण्यात येऊन जबाब देऊन गेला. त्याने वेळेत सांगितलं म्हणून माणूस वाचला, हे मी साक्षीत सांगितलं. सरकारी वकिलांना ते आवडलं नाही. चुलतपुतण्याला ठाण्यात बोलावून तासभर बाकड्यावर बसवलं आणि तिचा मोबाईल का काढून घेतला, एवढंच तीनदा विचारलं. "सगळ्यांना तसंच वाटलं, साहेब," यापुढे त्याचं उत्तर गेलं नाही.

त्यानंतर विषबाधेची खबर आली की मी शिपायांना एकच सांगत असे. संशयिताकडे नंतर बघा. बाटली, झाकण, पुडी, उलटी, वास, जे मिळेल ते आधी डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. उतारा कोणता द्यायचा हे त्यावर ठरतं, आणि माणूस जगला तर निम्मा तपास तोच सांगतो. आणखीही एक शिकलो, ते शिपायांना सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या सकाळी वस्तीवर पंचवीस-तीस माणसं होती आणि खरी माहिती फक्त तिच्यापाशी होती. ती तासभर सांगत होती. ती कोण, कुठली, हे आधीच ठरलेलं असल्यामुळे ती काय सांगते ते कोणाला ऐकू आलं नाही. मी तिचं ऐकलं यात माझा मोठेपणा नव्हता. डॉक्टर बाईंनी मला 'कोणी' हा प्रश्न विचारायचीच मनाई केली होती. केली नसती तर मी काय केलं असतं, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

दोन आठवड्यांनी तात्या जबाबासाठी ठाण्यात आले. बरोबर सून होती. बाटली घेऊन गेल्याचं, पडवीत ठेवल्याचं त्यांनी सगळं कबूल केलं. रायटरने, म्हणजे जबाब लिहून घेणाऱ्या आमच्या लेखनिकाने, तो वाचून दाखवला. शेवटी आमचं नेहमीचं वाक्य होतं, 'माझा कोणावरही संशय अगर तक्रार नाही.'

"ते खोडा," तात्या म्हणाले.

मी दचकलो. "का? कोणावर संशय आहे?"

"संशयाचा सवालच कुठं हाय? असं लिवा, सुनंनं वास सांगितला, बाटली वळखली, म्हणून मी जिता हाय."

रायटरने माझ्याकडे बघितलं. जबाबात असं लिहायची पद्धत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "लिही." त्याने लिहिलं. तात्यांनी चष्मा लावून ते अक्षर अक्षर वाचलं आणि कागद सुनेपुढे सरकवला. म्हणाले, "तू मास्तरीण हाईस. शुद्धलेखन बघ."

तिने रायटरकडून पेन मागून घेतलं, एक वेलांटी दुरुस्त केली आणि कागद परत दिला. मग तात्यांनी सही केली.